घरच्या वांग्याचं निम्मं

मुलांनो,

परवा घरच्या ग्रुपवर वांग्यांचा फोटो आला, तो तुम्ही पाहिलात. हिरव्या अंगावर पांढऱ्या रेघा, देठाला काटे, मागे डोंगराची कड. तुम्ही दोघांनी लगेच बदाम पाठवले आणि तुमच्यातल्या थोरलीने खाली लिहिलं, "आजीची वांगी!" त्यावर ग्रुपवर कोणीच काही बोललं नाही. मीही नाही. मग रविवारी फोनवर धाकट्याने विचारलं, "आजी, ह्या वर्षी किती लावलीस?" आणि मी उन्हाळ्याचा विषय काढला.

ती माझी वांगी नाहीत. वांगी आपल्याच घरची आहेत, पण माझ्या परसातली नाहीत. ह्या वर्षी माझ्या परसात वांग्याचं एकही झाड नाही. असं का, हे फोनवर सांगता येत नाही. फोनवर सगळं गोड करून सांगावं लागतं. म्हणून लिहिते आहे. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, तेव्हा तुम्हाला सोपं जावं म्हणून इंग्रजीतही लिहिता आलं असतं. पण जे बोलणं झालं ते मराठीत झालं, आणि त्याचं भाषांतर करायची माझी इच्छा नाही. अडलं तर बाबांकडून वाचून घ्या.

दगडी गडग्यापलीकडच्या घरात राहते ती छोटी आजी तुम्हाला माहीत आहे. ती माझी धाकटी जाऊ. तुमचे आजोबा आणि तिचा नवरा सख्खे भाऊ. मी पुण्याहून लग्न होऊन वारूळवाडीला आले तेव्हा मला पालक आणि माठ यांतला फरक कळत नव्हता. ती पारगावकडची, शेतातच वाढलेली. मला गवत कोणतं आणि कोथिंबीर कोणती हे तिने शिकवलं आणि त्यावरून ती मला अजूनही हसते. मी रोपं दोरी धरून सरळ रेषेत लावते. ती गडग्यावरून ओरडायची, "बाईंच्या परसात रोपंसुदीक प्रार्थनेला हुभी! हाताची घडी, तोंडावर बोट!" तिच्या परसात रोपं जत्रेतल्या माणसांसारखी असायची, आणि माझ्यापेक्षा जास्त धरायची.

दोन भावांची वाटणी झाली तेव्हा घर दोन झालं, परसं दोन झाली, विहीर सामाईक राहिली. तुमच्या पणजीला आम्ही आत्याबाई म्हणायचो. शेताच्या वाटणीत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. पण वांग्याची वाटणी त्यांनी स्वतः केली. हे वांगं त्यांनी माहेराहून आणलेलं. बाजारात असलं मिळत नाही. भाजलं की साल आपोआप सुटते आणि गर तेलाशिवाय चमकतो. आम्हा दोघींना चुलीपाशी बसवून त्या म्हणाल्या, "थोरलीकडं बी ऱ्हाईल, धाकटीकडं रोपांचा वाफा. थोरलीनं वाफा घालायचा न्हाई, धाकटीनं बी धरायचं न्हाई. रोपं निम्मी निम्मी. आन् थोरले, बी देताना समदं द्यायचं, मागं काय ठेवायचं न्हाई."

मी विचारलं, "आणि आम्ही भांडलो तर?"

"मंग बसा दोघी वांग्यावाचून."

तेव्हा आम्ही दोघी हसलो. पण भांडणं झाली. बांधावरून झाली, पाण्याच्या पाळीवरून झाली, मुलांच्या मार्कांवरूनही झाली. एकदा तर दिवाळीला फराळाची ताटं एकमेकींकडे गेली नाहीत. तरी रथसप्तमी आली की मी बियांची पुरचुंडी घेऊन गडगा ओलांडायचे, कारण माझ्याकडे वाफा नव्हता, आणि ती दारातच उभी असायची, कारण तिच्याकडे बी नव्हतं. ती पुरचुंडीला हळदकुंकू लावायची. मग चहा व्हायचा. चहाबरोबर भांडण संपायचं. आत्याबाई काय करून गेल्या होत्या ते मला असं हळूहळू समजलं.

आमची पद्धत तुम्ही थोडीफार पाहिली आहे. पहिल्या बहरातलं सगळ्यात सुडौल वांगं बियाण्यासाठी सोडायचं. ओळखू यावं म्हणून देठाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. मागे तुम्ही सुट्टीत आला होता तेव्हा ती चिंधी धाकट्याने बांधली होती आणि रोज सकाळी जाऊन बघत होता की कोणी वांगं तोडलं तर नाही ना. ते झाडावरच पिवळं होऊन मऊ पडलं की पाण्यात कुस्करायचं. हलकं बी वर तरंगतं ते टाकायचं, तळाशी बसलेलं ठेवायचं. सावलीत वाळवून राखेत घोळून मडक्यात ठेवायचं. थंडी सरता सरता ते जाऊकडे जातं. ती वाफ्यात पेरते, झारीने पाणी घालते, चिमण्यांपासून जपते. होळी झाली की उन्हं कलल्यावर वाफा भिजवायचा आणि दोघींनी मिळून रोपं उपटायची. एक तुला, एक मला. मग आपापल्या परसात लावायची आणि पहिले काही दिवस एरंडाच्या पानांची सावली करायची.

मागच्या वर्षी रथसप्तमीला मी नेहमीसारखी गेले. तिने पुरचुंडीला हळदकुंकू लावलं. चहा झाला. तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या पुतण्याने, लेण्याद्रीच्या रस्त्याला त्यांच्या शेतात कृषी पर्यटनाच्या खोल्या बांधायला घेतल्या होत्या. पुण्या-मुंबईचे लोक येतील, गणपतीचं दर्शन घेतील, लेणी बघतील, रात्री चुलीवरचं जेवतील. ती कौतुकाने सांगत होती आणि मी कौतुकाने ऐकत होते. पोर माझ्याच हाताखाली इंग्रजी शिकलेलं.

होळीनंतर मी रोपं आणायला पाटी घेऊन निघाले तर ती गडग्यापाशीच भेटली.

"तुमी कशाला येताय, बाई? गुडघं दुखत्यात ना तुमचं? मीच आनून देते."

"अगं, बसून करते की. दर वर्षी करतेच ना."

"न्हाई, न्हाई. घरात बसा. म्हातारपनी मिजास करा की जरा."

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. गुडघे दुखतच होते.

ती संध्याकाळी रोपं घेऊन आली. ओल्या पोत्यात गुंडाळलेली, मुळं धुतलेली. मुळं कशाला धुतलीस, असं मी विचारलं. "माती लई चिकट झाली यंदा," म्हणाली. मी दोरी ताणून लावायला बसले. वाफ्यातून उपटलेल्या रोपाचं मूळ लांब असतं आणि इकडे तिकडे फाटलेलं असतं. ह्या रोपांची मुळं आखूड होती, पांढरीशुभ्र होती आणि एकमेकांत गुंतून निमुळत्या पेल्यासारखा आकार धरून होती. धुतली तरी तो आकार मोडला नव्हता. काही मुळांच्या पोटात नारळाचा काळपट भुसा अडकला होता. नारायणगावच्या आसपास आता प्रत्येक टोमॅटोवाला नर्सरीतून ट्रेमधली रोपं नेतो. ती कशी दिसतात हे इथल्या कोणालाही सांगावं लागत नाही. आपल्या रोपाची कांडी जांभळट असते आणि पान लहान असतानाच त्याला बारीक काटा असतो. ह्यांची कांडी हिरवी आणि पान गुळगुळीत.

माझा पहिला विचार काय होता, ते सांगते. मला वाटलं, तिचा वाफा उगवला नाही. बी जळालं असेल, मुंग्यांनी नेलं असेल, आणि आत्याबाईंचं बी आपल्या हातून गेलं हे सांगायला तिची जीभ रेटत नसेल. म्हणून बिचारीने विकतची रोपं आणून मला दिली. मला तिची दया आली. मी सगळी रोपं लावली, एरंडाची पानं टोचली, तांब्याने पाणी घातलं. ठरवलं, की आपण होऊन काही बोलायचं नाही. सांगावंसं वाटेल तेव्हा सांगेल.

पण तिला सांगायला सोपं जावं म्हणून दुसऱ्या दिवशी विहिरीवर विचारलं, "यंदा वाफा कसा उगवला गं?"

"लई झ्याक! एक बी वाया गेलं न्हाई."

हे मला खटकलं. लाज झाकणारं माणूस इतकं खुलून बोलत नाही. तरी मी ते मनातून काढून टाकलं. इतक्या वर्षांच्या जावेबद्दल शंका घेण्यापेक्षा स्वतःच्या कानांबद्दल शंका घेणं सोपं होतं.

झाडं जोमाने वाढली, हे कबूल करायला हवं. वांगी लागली ती जांभळी, लांबट, चकचकीत. तिने गडग्यावरून बघितली. मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, "हवा बदललीय बाई आताशा. समदंच बदलाया लागलंय." मी तिच्याकडे बघितलं. ती शेंगा तोडत होती.

अक्षय्य तृतीयेला पुतण्याने पर्यटनाचा नारळ फोडला. मला न्यायला गाडी पाठवली. आग्रह करकरून बोलावलं होतं. दारात रांगोळी, बैलगाडी, झोपाळे, सगळं नीटनेटकं. एरवी दिवसभर गाउनवर असणारी जाऊ त्या दिवशी नऊवारी नेसून, नथ घालून पाहुण्यांना पाणी देत होती. मी तिला चिडवलं, "काय गं, लग्न कोणाचं?" ती म्हणाली, "धंद्याचं!" आणि आम्ही हसलो. त्या दिवशीचं ते शेवटचं खरं हसणं.

खोल्यांच्या मागे पाहुण्यांना दाखवायला भाज्यांचा पट्टा केला होता. मी सवयीने तिकडे गेले. मेथी, मुळा, दोडक्याचा मांडव, आणि त्यापलीकडे वांगी. हिरव्या अंगावर पांढऱ्या रेघा. देठाला काटे. ओळीच्या ओळी, जत्रेतल्या माणसांसारख्या. एका वांग्याच्या देठाला लुगड्याची चिंधी बांधलेली. बाजूला रंगवलेला बोर्ड: 'आज्जीचं घरचं वांगं'.

ती माझ्यामागून आली. "बाई, हितं कुटं उन्हात? चला, सरबत घ्या."

"ही कुठली?"

"ही व्हय? ही आपलीच की."

"मग माझ्याकडे लावली ती?"

तिने पदर खांद्यावर ओढून घेतला. "ती बी चांगलीच हायती. नर्सरीवाला म्हनला, रोगबिग येत न्हाई त्यास्नी."

"तू म्हणालीस एक बी वाया गेलं नाही."

"न्हाईच गेलं. बघा की." आणि तिने त्या ओळींवरून हात फिरवला.

मी म्हटलं, "मागितली असतीस तर मी दिली नसती का?"

"दिली असती ना. पन निम्मी दिली असती. निम्म्यात येवढा पट्टा भरला नसता. पोरानं बोर्ड आदीच रंगवून घेतला व्हता."

"आणि चिंधी? बी धरायचं काम माझं ना?"

आता ती थोडी चिडली. "आत्याबाई गेल्या बाई, त्यास्नी जाऊन जमाना झाला. आन् तुमीच सांगा, तुमाला कशाला हवं बी? पोरगं तिकडं, नातवंडं तिकडं. तुमच्या माघारी त्या परसात कोन हाय? गवत माजंल. माझ्या पोरानं धरलं तर निदान ऱ्हाईल तरी. मी वाईट केलं का? सांगा की, वाईट केलं का?"

ती भांडायला म्हणून हे बोलली नव्हती. तिने विचार करून ठेवला होता. रथसप्तमीला पुरचुंडीला हळदकुंकू लावताना, चहात साखर घालताना, माझ्या गुडघ्यांची चौकशी करताना तो विचार तिच्या मनात पक्का होता. मुळं धुताना तर होताच. मला वांग्यांचं जेवढं लागलं नाही तेवढं त्या धुतलेल्या मुळांचं लागलं. बादलीशी बसून एकेक मूळ चोळताना तिला मध्येच थांबावंसं वाटलं नसेल का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

मी उत्तर द्यायच्या आत कुणी पाहुणी बाई मोबाईल घेऊन आली. जाऊने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि तिला म्हणाली, "ह्या आमच्या थोरल्या जाऊबाई. इंग्लिशच्या टीचर. ह्यांनीच येवढी वर्सं बी सांभाळलं, बरं का!" त्या बाईने आमचा दोघींचा फोटो काढला. तो फोटो तिथल्या जेवणघरात लावला आहे. त्यात मी हसते आहे. शाळेच्या फोटोत हसायची सवय झालेली.

जेवायला त्याच वांग्याचं भरीत होतं. मी थोडं खाल्लं. पुतण्या वाढायला आला, "काकू, घ्या ना अजून, तुमचंच आहे," म्हणाला. त्याला काही माहीत होतं की नव्हतं, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि माहीत आहे असं कळलं असतं, तर आणखी एक माणूस गेलं असतं.

घरी आल्यावर जांभळी वांगी मी तशीच ठेवली. झाडांनी काही केलेलं नव्हतं. तोडली, शिजवली, शेजारीपाजारी वाटली. त्यांचं बी मात्र धरलं नाही. अशा विकतच्या रोपांचं बी पुढच्या वर्षी काय देईल त्याचा भरवसा नसतो. मडकं धुऊन, उन्हात ठेवून, माळ्यावर पालथं घातलं.

ह्या वर्षी रथसप्तमी आली. मी गडगा ओलांडला नाही, कारण न्यायला काही नव्हतं. तीही आली नाही. त्या सकाळी दोघी आपापल्या अंगणात झाडत होतो आणि दोघींचे खराटे थोड्या थोड्या वेळाने थांबत होते, एवढं मला आठवतं.

होळीनंतर मात्र ती आली. हातात ट्रे, ट्रेमध्ये रोपं. तिची सून बरोबर होती. ट्रे गडग्यावर ठेवून म्हणाली, "घ्या बाई. घरचीच हायती. आता खोटं न्हाई. पोरानं ट्रेमंदी वाढवली, म्हनून मूळ तसं दिसंल. कांडी बघा, जांभळी हाय का न्हाई?"

मी चष्मा लावून बघितलं. कांडी जांभळी होती. पानाला काटा होता. आपलीच रोपं होती.

"किती देऊ?" तिने विचारलं. "लागंल तेवढी घ्या. आता कमी न्हाईत."

मुलांनो, ह्या प्रश्नाशी मी थांबले. इतकी वर्षं तिने मला कधी 'किती देऊ' असं विचारलं नव्हतं. एक तुला, एक मला, असं होतं. माझं निम्मं आता मला भेट म्हणून मिळत होतं, आणि सुनेसमोर मिळत होतं. शिवाय ती रोपं मी लावली असती, वांगी आली असती, तर त्यांचं बी मी कोणाला नेऊन देणार होते? तिला आता माझ्या बियांची गरज नव्हती. आत्याबाईंनी घातलेली गाठ तिच्या बाजूने सुटली होती. माझ्या एकटीच्या बाजूने ती धरून ठेवता येत नाही.

"ह्या वर्षी राहू दे," मी म्हटलं.

"अजून राग हाय व्हय?"

"राग नाही. जागा दुसऱ्या भाज्यांना दिली आहे."

"बाई, आवो वांगी ती. येवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

सून म्हणाली, "आत्याबाई, राहू द्या ना." तीही आपल्या सासूला आत्याबाईच म्हणते. जाऊ ट्रे तिथेच ठेवून गेली. मला वाटतं, मी नंतर उचलीन अशी तिची कल्पना असावी. दुपारी ऊन चढलं तशा रोपांच्या माना पडायला लागल्या. मी त्यांना पाणी घातलं, ट्रे सावलीत सरकवला आणि संध्याकाळी तिच्या ओट्यावर नेऊन ठेवला. ती आत टीव्ही बघत होती. मी हाक मारली नाही.

आम्ही बोलतो. पाण्याच्या पाळीचं बोलतो, बिबट्या कुठल्या उसात दिसला ते बोलतो, कोणाचं लग्न ठरलं ते बोलतो. मला ताप आला तेव्हा तिने तांदळाची पेज आणून दिली आणि मी ती प्यायले. पण तिने काहीही सांगितलं की मी आता त्यावर दुसऱ्यांदा विचार करते. "दूध सांडलं" म्हणाली तरी वाटतं, सांडलं की कुणाला दिलं. ही सवय मला नव्हती. ह्या वयात लागली. तिने घेतलेल्या गोष्टींत मला सगळ्यात जास्त जाणवतो तो हा गेलेला भरवसा.

तिने विचारलेला प्रश्न, की माझ्या माघारी त्या परसात कोण आहे, तो खोटा नव्हता. मला तो तुमच्यापासून लपवायचा नाही आणि तुमच्यावर लादायचाही नाही. तुमचं आयुष्य तिकडे आहे, ते तिकडेच असावं. मी फक्त एवढंच म्हणते, की कोणाला वारस आहे आणि कोणाला नाही, हे ठरवून तिने माझ्या हयातीतच माझा हिस्सा हलवला. तो हलवायच्या आधी मला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर कदाचित मी सगळंच दिलं असतं. हे मी तिला त्या दिवशी म्हटलं नाही, आजवर म्हटलेलं नाही. तुम्हाला सांगते.

तेव्हा धाकट्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: ह्या वर्षी मी एकही लावलं नाही. परसात घेवडा आहे, दोडका आहे, मिरची आहे, माठ आहे, सगळं दोरी धरून सरळ रेषेत. घरचं वांगं लेण्याद्रीच्या रस्त्याला पुतण्याच्या शेतात आहे, चांगल्या निगराणीत आहे, त्याचं बी दर वर्षी धरलं जातं आणि चव तीच आहे. तुम्ही आलात की तिथे जाऊन खा.